साइट बंद पडली? मग काहीही वाचू नका

स्वतःचं होस्टिंग, स्वतःचं डोमेन, त्यावर स्वतःच्या हाताने टाकलेलं वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर), म्हणजे आता साइट बंद पडली तरी ती आपली स्वतःची पडणार, याचा आधी अभिमान बाळगा. आणि ती पडणारच, बहुतेक रविवारी रात्री. कधी स्क्रीन पांढरीफटक, कधी नुसतं 'क्रिटिकल एरर' असलेलं एक वाक्य. घाबरू नका, फक्त एक पथ्य कडक पाळायचं, समोर जे लिहिलंय ते वाचायचं नाही. एररच आहे ना एवढी खात्री झाली की टॅब बंद.

आता वर्डप्रेसवाल्यांनी २०१९ मध्ये ५.२ व्हर्जनपासून एक आगाऊपणा करून ठेवलाय. एखाद्या प्लगिनने, म्हणजे वरून जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरने, साइट पाडली तर ते अ‍ॅडमिनला मेल पाठवतात, त्यात त्या प्लगिनचं नाव असतं आणि वर साइट पडलेली असतानाही आत शिरायला रिकव्हरी मोडची लिंक पण. यावरचा उपाय तुम्ही बहुतेक केलेलाच असेल, म्हणजे ज्या मुलाने साइट बनवून दिली त्याचाच पत्ता अजून अ‍ॅडमिन म्हणून ठेवलेला असेल. तो बिचारा केव्हाच कुठेतरी नोकरीला लागला, तुमच्या साइटचे मेल त्याच्याकडे न उघडता सुखाने पडून आहेत. असू द्या.

कुणीतरी शहाणा सांगेल की कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे साइटच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये, डिबग (चुका दाखव) आणि डिबग लॉग (चुका लिहून ठेव) दोन्ही 'ट्रू' करा, मग डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमध्ये लॉगची फाइल तयार होते आणि कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर गाडी अडली ते सरळ लिहून येतं. अजिबात करू नका. घोडं कुठे पेंड खातंय ते एका ओळीत कळलं तर मग रात्रभर करायचं काय? तसंच ते प्लगिन्सच्या फोल्डरचं नाव बदलून सगळी प्लगिन्स एका झटक्यात बंद करायची युक्ती, ती पण नको, मिनिटभराचं काम, त्यात काय मजा. त्यापेक्षा थीम बदला, पीएचपीचं, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिचं, व्हर्जन बदला, तीन प्लगिन्स उडवा, साइट फास्ट करणारं एक नवीन टाका, आणि हे सगळं एकदम करा, म्हणजे चुकून साइट चालू झालीच तर ती कशाने झाली हे कुणालाही, तुम्हालाही, कधीच कळणार नाही.

पीएचपीचं निघालंच म्हणून सांगतो, साइट व्यवस्थित चालत असेल तर होस्टिंगच्या पॅनलमध्ये जाऊन आठ नंबरचं व्हर्जन निवडून बघा. जुन्या फुकटच्या थीममध्ये 'क्रिएट फंक्शन' नावाचं एक फंक्शन हमखास सापडतं, ते ७.२ पासून 'काढणार, काढणार' म्हणत होते आणि ८.० ला खरंच काढलं. साइट तिथेच आडवी. लॉगमध्ये त्याचं नाव लिहिलेलं असतं, पण आपलं पथ्य लक्षात आहे ना.

मेमरीच्या एररमध्ये १३४२१७७२८ असा लांबलचक आकडा येतो. तो बघून लगेच 'साइट हॅक झाली' असं घरात जाहीर करा. ते फक्त १२८ एमबी आहेत बाइट्समध्ये मोजलेले, एखादं प्लगिन तेवढी मेमरी खाऊन अजून मागतंय, पण हे सांगून घरातलं वातावरण कशाला हलकं करायचं.

डेटाबेस, म्हणजे सगळा मजकूर जिथे साठवलेला असतो तो, त्याच्या कनेक्शनची एरर आली तर खापर होस्टिंगवर फोडा. कालच तुम्ही सिक्युरिटीसाठी म्हणून पॅनलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड बदललाय आणि कॉन्फिग फाइलमध्ये अजून जुनाच आहे, ह्याचा इथे काय संबंध? सपोर्टच्या चॅटवर भांडा. समोरचा 'सर, कॅश क्लिअर करून बघा' म्हणेल, ते मात्र लगेच करा, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसं.

पाचशे नंबरची एरर आली की सगळ्या फोल्डर्सना ७७७ परमिशन (कुणी वाचायचं, कुणी लिहायचं त्याचा आकडा) देऊन टाका. ७५५ फोल्डरला नि ६४४ फाइलला वगैरे हिशेब कंजूष लोकांचे. ७७७ म्हणजे येईल त्याने लिहून जावं, आपलं घर कसं मोकळंढाकळं. गंमत म्हणजे बऱ्याच शेअर्ड होस्टिंगवर असं ७७७ दिसलं की सर्व्हर त्याच कारणासाठी पाचशेची एरर देतो, म्हणजे औषध आणि रोग एकाच दुकानात.

मराठी साइटवाल्यांना जरा जास्तीची सोय आहे. पोस्टच्या पत्त्यात आपलं एकेक अक्षर, काना-मात्रासुद्धा वेगळी धरून, टक्क्याच्या खुणांसकट ('क' चं होतं %E0%A4%95) नऊ जागा खातं आणि वर्डप्रेस तिथे २०० जागा देतं, म्हणजे जेमतेम बावीस अक्षरांत पत्ता संपला. 'गणपतीपुळ्याला पावसाळ्यात गेल्यावर काय काय बघावं' असं भरघोस शीर्षक द्या, पत्ता पावसाळ्यातच अडकतो. तो नंतर हाताने इंग्रजीत बदला, जुन्या लिंका कुठे कुठे पाठवल्यात ते विसरून जा. आणि सर्व्हर बदलताना डेटाबेसचं कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) लॅटिन-वन ठेवा, ज्यात देवनागरी बसतच नाही, मग जादू बघा. कधी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि चार पाय फुटलेला गोळा अशी चिन्हांची रांग येते, त्यात अजून जीव असतो, मूळ बाइट्स शाबूत असतात आणि जाणकार माणूस ते परत सरळ करून देतो. पण कधी नुसती प्रश्नचिन्हं येतात, तिथे मूळ अक्षर गेलेलंच असतं. तेव्हा प्रश्नचिन्हं आली की लगेच त्याचाच बॅकअप घ्या आणि जुना चांगला बॅकअप 'जागा खातोय' म्हणून डिलीट करा. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवायचा हे सांगायला नकोच.

अपडेट करताना सगळी प्लगिन्स एकदम टिक करा आणि अर्ध्यात टॅब बंद करून जेवायला जा. परत आल्यावर मेंटेनन्सची पाटी लागलेली असेल. दहा मिनिटांनी ती आपोआप निघते, नाहीतर मेंटेनन्स नावाची एक लपलेली फाइल उडवली की झालं, पण तुम्ही दहा मिनिटं थांबणारे असता तर टॅब बंद केलाच नसता.

एवढं सगळं झालं की मदत मागा. 'साइट चालत नाहीये, काय करू, अर्जंट' एवढंच लिहा, एररचा मजकूर देऊ नका, काल काय बदललं ते तर अजिबातच नाही, 'मी काहीच केलं नाही' असंच म्हणत राहा. कुणी फारच खोदून विचारलं तर मोबाइलने लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो काढून ग्रुपवर टाका, जरा तिरका, म्हणजे एररची ओळ बरोबर कापली जाईल आणि शेजारच्या खिडकीत उघडी असलेली कॉन्फिग फाइल पासवर्डसकट स्वच्छ वाचता येईल.