बोअरची मोटार जाम झाली म्हणून बोअर बुजवतो का आपण?

"कोरोना गेला. दवाखान्यातले ऑक्सिजन प्लांट धूळ खात पडलेत, भंगारात काढा. लागलाच तर वेल्डिंगवाल्याचा सिलिंडर आणू, हवा काय तीच." हा मेसेज आठवड्यात चार ग्रुपवर आला. त्यातला एक आमच्या भावकीचा.

धूळ खात पडलेत, हे काही ठिकाणी खरंच आहे. पण हा प्लांट चालतो कसा? हवेतला नायट्रोजन झिओलाइट नावाच्या सच्छिद्र पदार्थाच्या दाण्यांत अडकतो आणि साधारण ९३ टक्के ऑक्सिजन पुढे जातो. त्या दाण्यांना ओल सोसत नाही. देखभालीचा करार संपला, ऑपरेटर गेला, प्लांट महिनोन्‌महिने बंद राहिला की दाणे ओल धरतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यातली धूळ फिल्टर बुजवते ती वेगळीच. म्हणजे तो बंद ठेवल्यानं भंगार होतो.

कोरोना गेला म्हणता, तर पावसाळ्यात लहान मुलांच्या वॉर्डात एक चक्कर मारा. न्यूमोनियाचं लेकरू, सिझेरियन, मण्यार चावलेला शेतमजूर, यातल्या कुणालाही ऑक्सिजन लागू शकतो.

"जम्बो सिलिंडर आहेत की," असंही कुणीतरी खाली लिहिलंय. जम्बोत सुमारे ७,००० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला १ लिटर घेणाऱ्या लेकराला तो जवळपास पाच दिवस पुरेल. १० लिटर लागणाऱ्या मोठ्या माणसाला बारा तासही नाही. २०२१ मध्ये आमच्या चुलत्यांच्या उशाशी रात्री दोनला काटा लालवर आला. भरलेला सिलिंडर दाराशी उभा होता, पण पाना ज्याच्याकडे तो घरी जेवायला गेलेला. चुलते वाचले. तेव्हापासून कुठल्याही दवाखान्यात गेलो की सिलिंडरला सुतळीनं पाना बांधलाय का, ते आधी बघतो.

राहिला वेल्डिंगवाला. त्याचा सिलिंडर अख्खा काळा, दवाखान्याचा खांद्याला पांढरा. हा फरक हौसेखातर नाही. आतला वायू एक वेळ शुद्ध असेलही, पण बाटल्यात आधी काय भरलं होतं, गंज किती, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. व्हॉल्व्हला ग्रीस लागलेलं असलं तर दाबाखालच्या ऑक्सिजनमुळे ते पेट घेऊ शकतं. आणि औषध म्हटलं की मात्रा आली: दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला जास्त ऑक्सिजन दिला तर डोळ्यांचा पडदा खराब होऊ शकतो.

तो कमी पडतोय की जास्त, हे कळायला ऑक्सिमीटर लागतो. आमच्या उपकेंद्रातला बंद होता. त्याचे सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये सापडले.