शातो रियुसेक २००१ 'खराब' होती, या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

आमच्या सोटर्न, म्हणजे फ्रान्समधल्या बोर्दोकडच्या गोड पांढऱ्या वाइनच्या, टेस्टिंगबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. शातो रियुसेकची २००१ ची वाइन जुनी होऊन तपकिरी पडलेली, तळाशी काचेसारखे कण, कुजलेल्या द्राक्षांचे एवढे पैसे, ग्लासात जेमतेम दोन घोट आणि सोबत गुलाबजाम सोडून उग्र वासाचं चीज, असे तुमचे आक्षेप आहेत. तुमचं वाचून आणखी कुणी या वाइनकडे पाठ फिरवू नये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाटली खराब नव्हती. बिघडलेली वाइन उघडताच कळते: व्हिनेगरचा भपकारा येतो, नाहीतर ओल्या पुठ्ठ्याचा वास. प्रत्येक बाटली मी आधी स्वतः चाखतो, मगच ती टेबलावर जाते. सोटर्न नवी असताना फिकट सोनेरी दिसते आणि वर्षं जातील तशी गडद होत जाते. ग्लास उजेडात तिरका धरला की २००१ ची ही वाइन मध्ये जुन्या सोन्यासारखी आणि कडेला तांबूस दिसते. ताज्या फळांचा वास मागे पडून सुकं जर्दाळू, संत्र्याच्या सालीचा मुरंबा, केशर पुढे येतं. ती मुरली आहे ती अशी, आणि टेस्टिंग ठेवलं तेही त्यासाठीच. ते कण टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक आहेत. हेच आम्ल आपल्या चिंचेत असतं. पोटात गेले तरी अपाय नाही.

आता कुजलेल्या द्राक्षांबद्दल. नाशिककडच्या बागाईतदाराला बुरशी म्हटलं की भुरी आणि डावण्या हे वेलीचे रोगच आठवणार, त्यामुळे तुम्ही दचकलात यात नवल नाही. बोर्दोच्या दक्षिणेला सिरों नदीचं थंड पाणी गारोन नदीला मिळतं. शरदात तिथे सकाळी धुकं साचतं आणि दुपारी ऊन पडतं. धुक्यात बॉट्रिटिस ही बुरशी द्राक्षावर धरते, सालीला बारीक छिद्रं पाडते, मग उन्हात आतलं पाणी उडून जातं. साखर आणि आंबटपणा दोन्ही दाट होतात. सगळे मणी एकदम तयार होत नाहीत, म्हणून तोडणारे त्याच बागेत पुन्हा पुन्हा फिरतात. रियुसेकच्या शेजारच्या शातो दिकेम या वाइनमळ्यात एका वेलीमागे जेमतेम ग्लासभर वाइन निघते, आणि २०१२ साली तर त्यांनी आपली गोड वाइन काढलीच नाही. इतकी नासधूस सोसून जे उरतं, त्याची किंमत मला जास्त वाटत नाही.

गुलाबजाम मी मुद्दाम टाळतो. या वाइनमध्ये लिटरला साधारण १२० ते १५० ग्रॅम साखर असते. पाकातला पदार्थ त्याहून कितीतरी गोड, त्यावर घोट घेतला तर वाइन पातळ आणि आंबट लागते. खारट निळ्या चीजवर तोच घोट घ्या, आंबटपणा तोंड स्वच्छ करतो आणि जर्दाळू बराच वेळ जिभेवर राहतं. रोकफोर हे निळं चीज आणि सोटर्न ही फ्रान्समधली जुनी जोडी आहे.

प्रत्येकी ५० मिली हे नोंदणीच्या वेळीच लिहिलेलं असतं. वाइन उत्तम स्थितीत होती, त्यामुळे पैसे परत देता येणार नाहीत. चीजचा वास सोसत नसेल त्यांच्यासाठी पुढच्या वेळेपासून खारे बदाम ठेवतो आहे.