‘एक पत्र धाडा, सिबिल साफ करा’ : हा दावा कुठे कुठे चुकतो

हप्ते थकलेल्या लोकांच्या मोबाइलवर एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द बदलतात, सार तेच राहतं: बँकेला आणि सिबिलला (लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला) एक कायदेशीर पत्र पाठवा. तीस दिवसांत त्यांनी मूळ करार दाखवला नाही तर कर्ज रद्द होतं आणि नोंद पुसावीच लागते. तीन वर्षं जुनं कर्ज तर कायद्यानेच संपतं. ‘सेटल्ड’ (काही रक्कम सोडून मिटवलेलं) खातं पत्राने ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडून बंद) करून मिळतं. बँक ऐकत नसेल तर वकिलाची नोटीस द्या, नोंद लगेच निघते. आणि हे सगळं आम्ही थोड्या फीमध्ये करून देतो.

हा मजकूर ज्याच्या हाती पडतो तो माणूस बहुतेक वेळा वसुलीच्या फोनने आधीच गांजलेला असतो. त्याला खोटा दिलासा विकणं मला अतिशय संतापजनक वाटतं. यात थोडं खरंही मिसळलेलं आहे, म्हणून एकेक मुद्दा सुटा करून पाहायला हवा.

‘तीस दिवसांत नोंद पुसावीच लागते’

तीस दिवसांची मुदत खरी आहे. सिबिलसारख्या क्रेडिट माहिती कंपन्यांबाबतच्या २००५ च्या कायद्याचं कलम २१ सांगतं, की दुरुस्तीची मागणी आल्यावर ३० दिवसांत योग्य ती पावलं उचलली पाहिजेत. पण त्याच कलमात पुढे अट आहे: संबंधित बँकेने किंवा वित्तसंस्थेने दुरुस्ती बरोबर असल्याचं प्रमाणित केल्याशिवाय क्रेडिट माहिती कंपनी नोंद बदलू शकत नाही. सिबिल स्वतःहून कोणाला थकबाकीदार ठरवत नाही, बँक जे कळवते ते नोंदवून ठेवते. तुमचं पत्र सिबिलकडून बँकेकडे जातं. बँक म्हणाली ‘नोंद बरोबर आहे’, की तक्रार त्या पातळीवर निकाली निघते. म्हणजे मुदत उत्तर देण्याची आहे, नोंद पुसण्याची नाही.

मुदत टळली तर काय? तेव्हाही नोंद आपोआप जात नाही. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये परिपत्रक काढलं आणि २६ एप्रिल २०२४ पासून ते लागू झालं. त्यानुसार ३० दिवसांत तक्रार सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. बँकेने सुधारित माहिती २१ दिवसांत पाठवली नाही तर भरपाई बँक देते. बँकेने वेळेत पाठवूनही काम रखडलं तर ती क्रेडिट माहिती कंपनीने द्यायची असते. ही तरतूद फारशी कोणी वापरत नाही, आणि फॉरवर्डमध्ये तिचा उल्लेखही नसतो. तुमची तक्रार मात्र नोंदीबद्दल हवी. ‘माझा स्कोअर कमी का’ या वादाला ही भरपाई लागू होत नाही.

‘मूळ करार दाखवला नाही तर कर्ज रद्द’

ही कल्पना अमेरिकेतल्या कायद्याशी जुळते. तिथे १९७७ च्या कायद्याप्रमाणे वसुली एजन्सीची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी हरकत घेतली, की कर्जाची पडताळणी पाठवेपर्यंत एजन्सीला वसुली थांबवावी लागते. वसुली थांबते, कर्ज तिथेही रद्द होत नाही. भारतात तर असा कायदाच नाही.

तरी कागद मागायला अजिबात कचरू नका. कर्जकराराची प्रत मिळणं हा कर्जदाराचा हक्क आहे. अनोळखी कंपनीचा फोन आला, ‘तुमचं कर्ज आम्ही विकत घेतलंय’ असं सांगितलं, तर आधी लेखी पुरावा मागा: कर्ज हस्तांतरित झाल्याचं पत्र, खातेउतारा, मुद्दल किती आणि व्याज किती याचा हिशोब. तो हातात येईपर्यंत फोनवर कशालाही होकार देऊ नका.

पत्राची खरी ताकद एका ठिकाणी दिसते: तुम्ही कधी घेतलंच नव्हतं असं कर्ज तुमच्या नावावर चढलेलं असतं तेव्हा. पॅन आणि आधारच्या प्रती चोरून मोबाइल ॲपवरून घेतलेली छोटी कर्जं अशीच रिपोर्टमध्ये उगवतात. तेव्हा बँकेकडे मागा: अर्ज कोणत्या मोबाइल नंबरवरून झाला, केवायसीला कोणते कागद लावले, रक्कम कोणत्या खात्यात गेली. सोबत १९३० या हेल्पलाइनवर किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार करून तिचा क्रमांक पत्रात घाला. इथे गप्प बसलेल्या माणसाचं नुकसान होतं, लिहिणाऱ्याचं नाही.

‘तीन वर्षांनी कर्ज संपतं’

हा मुद्दा सर्वांत धोकादायक आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे पैशाच्या वसुलीसाठी दावा लावायला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. ती उलटली की कोर्टाचा मार्ग बंद होतो, कर्ज संपत नाही. बँक पैसे मागू शकते, रिपोर्टमधली नोंदही राहू शकते. घर किंवा जमीन गहाण असेल तर गहाणाच्या वसुलीची मुदत तीन नव्हे, बारा वर्षांची आहे.

आता याच कायद्याचं कलम १८ पाहा. मुदत संपण्याआधी कर्जदाराने सही करून कर्जाची लेखी कबुली दिली, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू होते. कबुली म्हणजे ‘मी इतके रुपये देणं लागतो’ असं ठळक वाक्यच हवं असं नाही. कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय, की देण्याचं नेमकं स्वरूप लिहिलेलं नसलं, सोबत पैसे द्यायला नकार असला, किंवा पत्र धनकोऐवजी भलत्यालाच लिहिलेलं असलं, तरी ती कबुली ठरू शकते. कलम १९ प्रमाणे कर्जापोटी थोडी रक्कम भरली, तरी मुदत पुन्हा सुरू होऊ शकते. मुदत संपून गेल्यावरही सुटका नाही: तेव्हा सही करून ‘पैसे देईन’ असं लेखी वचन दिलंत, तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५ खाली ते बंधनकारक ठरतं.

मग फॉरवर्डसोबत येणारा पत्राचा नमुना वाचा. त्यात हमखास ‘आर्थिक अडचणीमुळे मी हप्ते भरू शकलो नाही, लवकरच थकबाकी भरण्याचा माझा विचार आहे’ अशा धर्तीचं वाक्य असतं. अडीच वर्षं जुन्या थकबाकीवर हे लिहून, सही करून पाठवणाऱ्याने मुदतीचा काटा स्वतःच्या हाताने शून्यावर आणलेला असतो. जुन्या कर्जाबद्दल पत्र लिहिण्याआधी वकिलाला दाखवा. ते परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि ठरावीक मर्यादेखालच्या उत्पन्नाच्या लोकांना तिथे मोफत मदत मिळते.

‘सेटल्ड’चं ‘क्लोज्ड’, आणि वकिलाची नोटीस

बँकेने काही रक्कम सोडून देऊन खातं मिटवलं असेल तर ‘सेटल्ड’ ही नोंद खरी आहे, आणि खरी नोंद पत्राने बदलत नाही. उरलेली रक्कम भरून ना-देय दाखला (काही देणं उरलं नसल्याचं बँकेचं पत्र) घेतलात तर बँकेला नवी स्थिती कळवायला सांगता येतं. तडजोडीच्या आधीच, नोंद कशी जाईल हे बँकेकडून लेखी घ्या.

नोटीस किंवा दाव्याने नोंद तडकाफडकी निघते हेही चूक. दुरुस्तीचा वाद कोर्टात किंवा लवादासमोर चालू असेल तर तो सुटेपर्यंत बदल करायचा नाही आणि बँकेच्या वह्यांतली नोंदच धरायची, असं कलम २१ मध्येच लिहिलंय.

‘आम्ही करून देतो’

कशाचे पैसे घेतात हे लोक? ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट प्रत्येकाला मोफत द्यावा लागतो. हरकत नोंदवणं मोफत, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रारही मोफत. उलट हे एजंट तुमचं पॅन, आधार आणि ओटीपी मागतात. ज्या चोरीतून खोटी कर्जं उभी राहतात तिची सामग्री आपणच त्यांच्या हाती देतो.

चालणारं पत्र अगदी साधं असतं. एका पत्रात एकच नोंद घ्या. रिपोर्टचा क्रमांक आणि तारीख, खाते क्रमांक, रिपोर्टमध्ये काय लिहिलंय, प्रत्यक्षात काय आहे, त्याचा पुरावा आणि नेमकी मागणी, बस्स. ‘दि. अमुक रोजी कर्ज पूर्ण फेडलं, ना-देय दाखला सोबत जोडला आहे, तरी खातं चालू आणि थकीत दिसतं, ते बंद दाखवावं.’ दुःखाची कहाणी नको, धमकी नको, पाठ केलेली कलमं नकोत. हेच पत्र बँकेच्या तक्रार विभागाला आणि क्रेडिट माहिती कंपनीला एकाच दिवशी पाठवा आणि दोन्हीकडचा तक्रार क्रमांक जपा. पोस्टाने पाठवत असाल तर पोचपावती घ्या. चूक एका कंपनीच्या रिपोर्टमध्ये असेल तर बाकी तीनही तपासा, कारण बँक चौघींना माहिती कळवते.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर लोकपालाच्या पोर्टलवर तक्रार करा. १ सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट माहिती कंपन्याही त्या योजनेत आहेत. आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार केलेली नसेल तर लोकपाल प्रकरण हाती घेत नाही, म्हणून पहिल्या पत्राची तारीख आणि पोच सांभाळून ठेवा. दुरुस्ती झाल्याचा निरोप आला, की रिपोर्ट पुन्हा काढून ती खरोखर झाली आहे का पाहा, आणि त्यानंतरच नव्या कर्जाचा अर्ज भरा.