मीठ, चेन आणि बादलीभर गोडे पाणी

गेल्या आठवड्यात रात्री जेवणे आटोपल्यावर माझ्या भाच्याचा टोरांटोहून व्हिडिओ कॉल आला. मुलगा मूळचा ऐरोलीचा. गेल्या वर्षी शिकायला तिकडे गेला, कोणाची तरी वापरलेली सायकल स्वस्तात घेतली आणि हिवाळ्यातही ती बंद ठेवायची नाही असे त्याने ठरवले. "मामा, ही चेन बघ ना," म्हणत त्याने सायकलवरून काढलेली चेन कॅमेऱ्यासमोर धरली. ती खाली लोंबतच नव्हती. जिथे दुमडली होती तिथे कोपरातून वाकलेल्या हातासारखी ताठ उभी होती, आणि कड्यांच्या सांध्यांतून तांबूस पूड त्याच्या बोटांवर सांडत होती. चेन अवघ्या सहा आठवड्यांपूर्वी बदललेली. तिकडच्या मित्रांनी त्याला सांगितले आहे की बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकलेल्या रस्त्यावर सायकल चालवणे म्हणजे ती फुकट घालवणे, तेव्हा आता एप्रिलपर्यंत ट्रेननेच जा. मला हा सल्ला पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर लिहावेसे वाटले, कारण हा विषय टोरांटोइतकाच वाशी-बेलापूरचाही आहे.

मी २७ वर्षे तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात देखभाल विभागात काम केले. पंप, पाइप, नटबोल्ट आणि त्यांना लागणारा गंज हाच माझा रोजचा विषय होता. रस्त्यावर मीठ का टाकतात हे समजायला मात्र कारखान्यात जावे लागत नाही. लहानपणी मे महिन्यात ज्यांनी आईस्क्रीमचे लाकडी पॉट हाताने फिरवले आहे, त्यांना बर्फात खडेमीठ घातले की काय होते ते ठाऊक आहे. मिठाचे पाणी शून्याला गोठत नाही. साध्या मिठाचे द्रावण पुरेसे दाट असेल तर ते थेट उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहू शकते. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र उणे १० च्या आसपास साधे मीठ फारच मंदावते, म्हणून जास्त थंडीच्या भागांत कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. मिठाचा तुटवडा तर टोरांटोच्या ऑन्टारिओ प्रांतात नाहीच. जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण तिथेच, गोडरिच येथे ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली आहे.

सायकलच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. क्षार नुसता कोरडा चिकटून बसला तर फारसे बिघडत नाही. तो ओला झाला की काम सुरू करतो. साधे मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून घेते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्लोराइड मात्र खोलीच्या तापमानाला ३० ते ३३ टक्के आर्द्रतेतही पाणझरतात. म्हणजे सायकल पुसून, वरवर कोरडी दिसते म्हणून आत ठेवली, तरी चेनच्या पिनांवर, स्पोकच्या निपलांत आणि ब्रेकच्या केबलमध्ये खाऱ्या पाण्याचा न दिसणारा थर राहू शकतो. त्यातले क्लोराइड लोखंडाला तर खातेच, पण ॲल्युमिनियमवर जो नैसर्गिक संरक्षक पापुद्रा असतो तोही ते फोडते, आणि मग पांढरी भुकटी व सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसू लागतात. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असतील तर हे खारे पाणी त्यांच्यामधून बॅटरीसारखा प्रवाह चालू ठेवते आणि त्यातला एक धातू दुसऱ्यासाठी झिजत जातो.

भाच्याची चूक इथेच झाली होती. तो रोज संध्याकाळी खारट चिखलाने माखलेली सायकल तशीच उचलून इमारतीच्या उबदार कॉरिडॉरमध्ये ठेवत होता, कारण बाहेर थंडीत तिचे हाल होतील असे त्याला वाटले. प्रत्यक्षात उणे ८ अंशांत गंजण्याची क्रिया मंद असते आणि २२ अंशांत ती जोरात चालते. धुतलेली सायकल खुशाल आत आणावी. धुणे शक्यच नसेल त्या रात्री ती बाहेरच्या शेडमध्ये राहिलेली बरी. धुणे म्हणजे तरी काय, तर बादलीभर कोमट गोडे पाणी वरून हळूहळू ओतायचे, चेन फडक्याने पुसायची, कोरडी झाली की पावसाळी वापराचे घट्ट तेल प्रत्येक कडीला एकेक थेंब लावायचे आणि जास्तीचे पुसून टाकायचे. गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाने मात्र कधीही नाही, कारण तो फवारा खारे पाणी सील ओलांडून थेट बेअरिंगमध्ये घुसवतो. एवढ्याला दहा मिनिटे पुरतात.

आता आपल्याकडे येऊ. पाम बीच रोडवर पहाटे सायकल चालवणाऱ्या पुष्कळ मित्रांना वाटते की इथे बर्फ नाही, रस्त्यावर मीठ नाही, मग काळजी कसली? पण वर सांगितलेला ७५ टक्क्यांचा आकडा पुन्हा पाहा. नवी मुंबईत जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते, आणि एरवीही कित्येक रात्री व पहाटे तिथवर पोचते. म्हणजे तिकडे जे काम करायला कॅल्शियम क्लोराइड लागते, ते आपल्याकडे साधे मीठच करते, आणि तेही २८-३० अंशांच्या उबेत. हे मीठ येते कुठून? थोडे खाडीच्या वाऱ्यातून. खाडीला समुद्रासारख्या फुटणाऱ्या लाटा नसल्याने ते किनाऱ्याइतके नसते, पण असते. थोडे मासळीच्या टेम्पोतून गळणाऱ्या खाऱ्या बर्फाच्या पाण्यातून, ज्यावर दुचाकीही घसरतात. आणि बरेचसे आपल्या घामातून, जो हँडलच्या मुळाशी आणि सीटच्या दांड्यावर ठिबकत राहतो. या खाडीच्या काठाने पिढ्यान् पिढ्या मिठागरे चालत आली. आगरी समाजाचे नावच आगरावरून आले आहे असे मानतात. इथल्या हवेत मीठ नाही असे आपणच म्हणावे, हे मला विचित्र वाटते.

माझ्या स्वतःच्या सायकलचा सीटचा दांडा ॲल्युमिनियमचा आणि फ्रेम स्टीलची. विकत घेताना दुकानदाराने दांडा ग्रीसशिवाय कोरडाच बसवला होता, आणि मीही इतकी वर्षे या कामात असूनही तो दोन वर्षांत एकदाही काढून पाहिला नाही. पुतण्या उंच झाला म्हणून सीट वर करायला गेलो तेव्हा दांडा फ्रेमशी एकजीव झाला होता. तेल सोडून रात्रभर ठेवले, शिकंज्यात अडकवून पिळले, काही उपयोग झाला नाही. शेवटी मेकॅनिकने तो आतून करवतीने उभा चिरून बाहेर काढला. बाहेर आलेल्या तुकड्यांवर खवल्यांसारखा पांढरा थर होता आणि फ्रेमच्या आतल्या भिंतीवर करवतीचे ओरखडे उरले. नवी सायकल घेणाऱ्या प्रत्येकाने दुकानातच दांडा बाहेर काढून ग्रीस लावून घ्यावे, हा माझा आग्रह तेव्हापासूनचा आहे.

दुकानांबद्दल आणखी एक तक्रार आहे. आपल्या लहानपणी दूधवाले, पोस्टमन आणि शाळामास्तर जी काळी सायकल चालवत, तिला पूर्ण मडगार्ड असत आणि पुष्कळदा चेन पूर्ण झाकणारे कव्हरही असे. तिची चेन वर्षानुवर्षे टिके, कारण रस्त्यावरचे पाणी तिच्यापर्यंत पोचतच नसे. आज गिअरच्या चकचकीत सायकली मडगार्डशिवाय विकल्या जातात आणि मडगार्ड मागितले की ती हौसेची वस्तू असल्यासारखा वेगळा दर सांगितला जातो. खाऱ्या आणि ओल्या प्रदेशात मडगार्ड हा सायकलचा अवयव आहे. भाच्यालाही मी पहिली खरेदी हीच सांगितली: जमिनीजवळ पोचतील अशी लांब मडगार्ड, आणि बर्फासाठी टंगस्टन कार्बाइडचे खिळे बसवलेले टायर.

मीठ टाकूच नये असे मी म्हणणार नाही. फिनलंडमधल्या औलू शहरात सायकलमार्गांवरचा बर्फ दाबून घट्ट करतात आणि त्यावर खडी पसरतात. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली तिथेच भरली. पण तिथे तापमान दीर्घकाळ शून्याखाली टिकते. टोरांटोत ते शून्याच्या वरखाली होत राहते, दुपारी वितळलेले पाणी रात्री काचेसारखे गोठते, आणि अशा काचेवर पडून मोडलेले मनगट गंजलेल्या चेनपेक्षा कितीतरी महाग पडते. माझा आक्षेप मापाशिवाय ओतण्याला आहे. टाकलेले क्लोराइड नष्ट होत नाही, ते वितळलेल्या पाण्याबरोबर ओढ्यात आणि तळ्यात जाते. स्टॉकहोममध्ये सायकलमार्ग आधी फिरत्या झाडूने साफ करून मग त्यावर मिठाचे पाणी फवारतात, म्हणजे क्षार बेताने लागतो. विमानतळांवर तर धावपट्टीसाठी क्लोराइड टाळून ॲसिटेट आणि फॉर्मेटची महाग द्रावणे वापरतात, कारण विमानाचे ॲल्युमिनियम त्यांना वाचवायचे असते. सायकलस्वाराच्या ॲल्युमिनियमसाठी तो खर्च कोणी करणार नाही, म्हणून त्याच्या वाट्याला बादली येते.

भाच्याने नवी चेन बसवली आहे आणि बादली इमारतीच्या मागच्या दाराशी ठेवली आहे. तो ट्रेनने जात नाही. आमच्या सोसायटीत मात्र अजून सायकल स्टँडजवळ नळ नाही. रोज सकाळी गाड्या धुतल्या जातात, आणि सायकल धुवायची तर पाणी तिसऱ्या मजल्यावरून आणावे लागते. येत्या सर्वसाधारण सभेत त्या नळाचा ठराव मी मांडणार आहे. आमच्या इमारतीतल्या ज्यांच्या घरी सायकल आहे, त्यांनी त्या दिवशी सभेला जरूर यावे.