अठरावं लागलं म्हणजे अठरा झाली नव्हेत

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाडीवाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. थोडक्यात तो असा: ‘अठरावं लागलं की मूल सज्ञान. मग मत, लग्न, गाडी, दारू, सगळं खुलं. त्याआधी त्याच्या सहीला किंमत नाही, त्याच्या नावावरची जमीन आईबाप हवी तशी विकू शकतात, आणि गुन्हा केला तरी तो सुटतो. ही निरनिराळी वयं कशाला? सगळ्याला एकच वय ठेवा.’

पहिल्या वाक्यापासूनच घोटाळा आहे. अठरावं लागतं ते सतरा पुरी झाल्यावर. १८७५च्या सज्ञानता कायद्याला अठरा पूर्ण लागतात. जन्मदिवस अख्खा धरायचा असतो, म्हणून १० जून २००८चा जन्म असेल तर १० जून २०२६ ही तारीख सुरू होताच मुलगा सज्ञान. ९ जूनला त्याने आंब्याची बाग कराराने दिली असेल, तर तो करार मुळातच नाही. ब्रिटिश अमदानीतलं सर्वात वरचं कोर्ट असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी खटल्यात १९०३ साली हे ठरवलं आणि आजही तेच चालतं. पुढे अठरा पुरी झाल्यावर ‘मला मान्य आहे’ म्हणूनही तो जिवंत होत नाही, नवा करावा लागतो.

पण म्हणून अज्ञानाला, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्याला, काहीच करता येत नाही असंही नाही. त्याच्या नावे बक्षीसपत्र होतं, पालकामार्फत खरेदीखत होतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२५च्या सूचनेनुसार दहा वर्षांच्या मुलालाही बँकेने घातलेल्या मर्यादेत स्वतः बचत खातं चालवता येतं.

आता जमीन. कोकणात सगळ्यात जास्त पैसे याच गैरसमजापायी बुडतात. सातबाऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता अशी नोंद असते, आणि लोक समजतात की तिथे ज्याचं नाव त्याला विकायचा हक्क. तसं नाही. हिंदू कुटुंबांपुरतं बोलायचं तर १९५६च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ८ सांगतं: आईबाप असले तरी मुलाची स्वतंत्र स्थावर मिळकत विकायला, गहाण टाकायला, बक्षीस द्यायला किंवा पाच वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायला कोर्टाची आगाऊ परवानगी हवी. मुलाच्या हिश्शाचं हक्कसोडपत्र करतानाही हा मुद्दा आडवा येतो. कोर्ट बघतं ते एवढंच, की मुलाची गरज आहे का किंवा त्याचा उघड फायदा आहे का. ‘मोठ्या भावाच्या लग्नासाठी’ हे कारण तिथे टिकत नाही.

अर्ज करायचा तो जमीन जिथे आहे तिथल्या कोर्टात. कुटुंब डोंबिवलीला आणि आंब्याची कलमं राजापूरला असली तर मुंबई-ठाण्याच्या कोर्टात घातलेल्या अर्जाने फक्त वेळ जातो.

परवानगी न घेता विकलं तर? व्यवहार लगेच मोडत नाही, पण मुलगा तो मोडू शकतो. मुदत सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं, म्हणजे वयाची २१ पुरी होईपर्यंत. म्हणून जमीन घेणाऱ्याने नुसता आजचा सातबारा बघून भागत नाही. जुने फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी, काढायचे, त्यात कुठे अ.पा.क. दिसला तर त्या मुलाचं आजचं वय विचारायचं, आणि २१च्या आत असेल तर कोर्टाचा हुकूम मागायचा.

इथे एक पोटभेद आहे. वडिलोपार्जित, न वाटलेल्या एकत्र कुटुंबाच्या जमिनीतल्या अविभक्त हिश्शाला कलम ८ लागत नाही. तिथे कर्ता, म्हणजे कुटुंबप्रमुख, कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी विकू शकतो, मात्र ती गरज पुढे सिद्ध करावी लागते. वडिलांनी स्वतः घेतलेली जमीन त्यांच्या मागे मुलाला वारसाने आली, तर ती मुलाची स्वतंत्र मिळकत आणि परवानगी आवश्यक. कोकणी मुस्लिम कुटुंबांत नियम आणखी वेगळा: आई मुलांच्या मिळकतीची आपोआप पालक होत नाही, १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टाकडून नेमणूक करून घ्यावी लागते.

आणि अठरा पूर्ण झाल्यावर अ.पा.क. शेरा आपणहून जात नाही. वयाचा दाखला जोडून तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा, फेरफार धरला जातो, नोटिसा निघतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. पंचवीस-तीस नावांच्या सामाईक सातबाऱ्यावर चाळिशीतल्या माणसापुढेही हा शेरा तसाच राहिलेला असतो, आणि त्याची आठवण होते ती थेट कर्ज काढताना.

गाडीचं. ‘बिनगिअरची स्कूटर सोळाव्या वर्षी चालते’ हे अर्धवट आहे. मोटार वाहन कायदा सोळा पूर्ण झालेल्याला दुचाकी देतो ती ५० सीसीपर्यंतची. बाजारात सर्रास दिसणाऱ्या स्कूटर ११० ते १२५ सीसीच्या, म्हणजे अठरा पूर्ण हवीत. आणि मासळीचा टेम्पो किंवा प्रवासी रिक्षा म्हणजे वाहतुकीचं वाहन, त्याला २० लागतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर मुलाने गाडीवर गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे त्यानेच सिद्ध करायचं. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, मुलाला २५ पुरी होईपर्यंत लायसन्स नाही. अपघातात दुसऱ्याला इजा झाली तर विमा कंपनी भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते. शिमग्याला पोराच्या हातात चावी देताना हा हिशेब कुणी करत नाही.

‘गुन्हा केला तरी सुटतो’ हे तर साफ खोटं. सात वर्षांच्या आतल्या मुलाचं कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा वर्षांत त्याला समज होती का ते बघतात. त्यापुढे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं आणि विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत ठेवता येतं. सोळा पूर्ण झालेल्याने कमीत कमी सात वर्षं शिक्षेचा गुन्हा केला असेल, तर मंडळ प्राथमिक तपासणी करून खटला प्रौढासारखा चालवायला पाठवू शकतं. तेव्हाही फाशी किंवा सुटकेची आशा नसलेली जन्मठेप देता येत नाही.

लग्नाला मुलगी १८, मुलगा २१. मुलींचंही वय २१ करणारं विधेयक २०२१ साली लोकसभेत आलं, पण २०२४ला सभागृह विसर्जित झाल्यावर ते बारगळलं, तरी ‘कायदा झाला’ असं अजून पसरवलं जातं. बालविवाह आपोआप रद्दही होत नाही. अठराच्या आत लग्न लागलेल्या मुलीला तो रद्द करून घ्यायला वीस पुरी होईपर्यंत मुदत असते.

मताचं वय १९८९पासून १८ आहे, पण वय झालं आणि यादीत नाव नाही तर मतदान नाही. नोंदणीसाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत आणि सतरा पूर्ण झाल्यावर नमुना ६ आगाऊ भरता येतो. ग्रामपंचायतीला उभं राहायला २१, विधानसभेला २५. दारू? महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५. इथे अठराचा काही संबंधच नाही.

राहिलं ‘सगळ्याला एकच वय’. दहा वर्षांच्या मुलाने खातं चालवताना चूक केली तर त्याचे शेपाचशे जातात. एकोणीस वर्षांच्याने टेम्पो उलटवला तर मागच्या हौद्यातले लोक जातात. तोटा कुणाच्या अंगावर पडतो त्याप्रमाणे वय पुढेमागे होतं. एकच वय १८ धरलं तर पंधरा वर्षांच्या मुलाला स्वतःचं खातं चालवता येणार नाही. २१ धरलं तर वीस वर्षांच्या खलाशाचं मत गेलं आणि त्याचा पगाराचा करारही पोकळ. अर्थात प्रत्येक आकड्याचं समर्थन होत नाही. लग्नासाठी मुलगा-मुलगी यांत तीन वर्षांचा फरक का, याला पटेल असं उत्तर नाही.

वाद खरा अडतो तो आकड्यावर नव्हे, तारखेवर. पहिलीत घालताना गुरुजींनी ‘१ जून’ लिहून टाकलेले जन्म गावोगाव आहेत. बाल न्याय कायद्यात वय ठरवायला आधी शाळेचा दाखला बघतात, तो नसला तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसले तरच हाडांची तपासणी होते. ज्यांच्या दोन कागदांत दोन तारखा आहेत त्यांनी अठरा पूर्ण होण्याआधी, मुलगा शाळेत असतानाच, शाळेमार्फत दुरुस्ती करून घ्यावी. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, लायसन्स, मतदार यादी या सगळ्यांसाठी जन्मदाखल्यावरचीच तारीख चालणार आहे.