डॉट बॉलची झाडं मोजणार कोण?

आयपीएलमध्ये फलंदाजाने चेंडू नुसता अडवला की टीव्हीवरच्या धावफलकात ठिपक्याच्या जागी हिरवं झाड उगवतं. 2023 च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे शेवटच्या चार निर्णायक सामन्यांत हे सुरू झालं. बीसीसीआय आणि टाटा समूहाने जाहीर केलं की एका डॉट बॉलला, म्हणजे एकही धाव न निघालेल्या चेंडूला 500 रोपं. त्या चार सामन्यांत 294 डॉट बॉल पडले, म्हणजे 1,47,000 रोपं झाली. 2025 च्या अठराव्या हंगामात दर डॉट बॉलला 18 रोपं ठरली. त्या हिशेबाने निर्धाव षटक टाकलं की 108 रोपं, जपमाळेच्या मण्यांएवढी! सपाट खेळपट्ट्या, आखूड सीमारेषा आणि वर इम्पॅक्ट प्लेयर म्हणजे सामन्यात मधेच उतरवता येणारा जादा खेळाडू, अशा जमान्यात गोलंदाजाच्या बाजूने कुणीतरी उभं राहिलं याचा आनंद आहे, आणि तो मनापासून आहे.

म्हणूनच या योजनेकडून एक गोष्ट हवी आहे. क्रिकेटइतकी चोख मोजदाद दुसऱ्या कुठल्या खेळात क्वचितच होत असेल. क्रिकेटच्या नियमांतला तिसरा नियमच स्कोअररबद्दल आहे. दोन स्कोअरर हवेत आणि दोघांनी आपले आकडे वरचेवर एकमेकांशी ताडून पाहायचे. चेंडू यष्टीला घासून गेला असता की नाही, यावर कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांदेखत निकाल लागतो. पण त्याच चेंडूच्या नावावर लागलेलं रोप तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत आहे का, हे सांगणारा एकही स्कोअरर नाही. आहे तो फक्त लावलेल्या रोपांचा आकडा. आणि लावलेल्या रोपांच्या आकड्याचं काय होतं, हे महाराष्ट्राइतकं कुणाला ठाऊक असणार?

आठवून बघा. 1 जुलै 2016 ला 2 कोटी रोपांचं लक्ष्य होतं. 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी, 2019 ला 33 कोटी. रनरेट बघितलात? तेव्हा वनमंत्री होते सुधीर मुनगंटीवार. 33 कोटींची मोहीम सप्टेंबरअखेर संपली, ऑक्टोबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, नोव्हेंबरात सरकार बदललं आणि फेब्रुवारी 2020 मध्ये नवे वनमंत्री संजय राठोड यांनी या लागवडीच्या चौकशीचे आदेश दिले. 2022 मध्ये पुन्हा सरकार बदललं आणि चौकशी लावणारे व जिच्यावर चौकशी लागली ती मोहीम राबवणारे, दोघंही एकाच मंत्रिमंडळात मंत्री म्हणून बसले. 2019 चं रोप तोवर तीन वर्षांचं झालं होतं, जगलं असेल तर. रोपाला पक्ष नसतो. त्याला तीन उन्हाळे पाणी देणारा माणूस लागतो, आणि नेमका तोच माणूस कुठल्याच घोषणेत दिसत नाही.

आता जरा आकडेमोड करू, कारण मोठा आकडा ऐकायला सोपा असतो. तीन मीटर बाय तीन मीटर अंतरावर रोपं लावली तर हेक्टरी 1,111 बसतात. 33 कोटींना सुमारे तीन लाख हेक्टर जमीन लागते. दाट लावून दोन बाय दोन मीटर धरलं, तर हेक्टरी 2,500 रोपं आणि 1,32,000 हेक्टर. आता पाणी. मराठवाडा-विदर्भात नोव्हेंबर ते जूनच्या मध्यापर्यंत रोपाला आठवड्याला किमान 10 लिटर तरी हवं. म्हणजे साधारण 30 आठवडे आणि एका रोपाला वर्षाला 300 लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर एक हजार रोपं एकदा भिजवतो. 2023 च्या प्लेऑफची 1,47,000 रोपं अशीच जगवायची तर आठवड्याला 147 टँकर लागतील. आणि 33 कोटी रोपांना आठवड्याला 330 कोटी लिटर. मुंबई महापालिका अख्ख्या शहराला दिवसाला जे सुमारे 385 कोटी लिटर पाणी देते, त्याच्या अगदी जवळ जाणारा आकडा.

सगळ्याच रोपांना टँकर लागत नाही, हेही खरं. डोंगरउतारावर वनखातं सलग समतल चर खोदतं. चर 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल, खोदलेली माती उताराकडच्या अंगाला आणि रोप त्या भरावावर. पावसाचं पाणी चरात थांबतं आणि मुळांखाली मुरतं. काम नीट झालं असेल तर पावसाच्या पाण्यावरच रोप पहिला उन्हाळा काढतं. पण चर समपातळीत नसले, थोडे जरी उताराकडे कलले, तर त्यांचाच ओहोळ होतो आणि पहिल्या जोरदार पावसात माती, खत, रोप सगळं खाली वाहून जातं. पातळी काढायला हायड्रोमार्कर म्हणजे दोन पट्ट्या आणि पाणी भरलेली नळी एवढंच लागतं. ते न वापरता नजरेने चर आखले की असंच होतं.

रस्त्याकडेला, शाळेत, गायरानात लावलेली रोपं बहुतेक वेळा चार-पाच ठरलेल्या कारणांनी मरतात, आणि एकही कारण गूढ नाही. खड्डा एप्रिल-मे मध्ये खोदून ठेवायचा असतो, म्हणजे उन्हाने माती तापून वाळवी आणि हुमणीच्या अळ्या मरतात. प्रत्यक्षात तो कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी जेसीबीच्या बकेटने खोदला जातो. खड्डा 60 सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल हवा. मुरमाड जमीन असेल तर त्याच्या कडा पहारीने फोडायच्या. नाहीतर खड्ड्याची बादली होते, पावसाचं पाणी त्यात साचून मुळं कुजतात, आणि जी कुजत नाहीत ती कडेकडेने गोल फिरत राहतात. काळ्या जमिनीत उलट करायचं, रोप थोड्या उंचवट्यावर घ्यायचं, कारण तिथे पावसाळ्यात पाणी तुंबतं आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटतात. वरच्या थराची माती, पाच-सहा किलो कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड एवढं भरलं की पुरे. ताजं शेण घातलं तर वाळवीला आपणच आवतण दिलं.

मग येतो फोटोचा क्षण. मान्यवर रोप हातात घेतात, खड्ड्यात ठेवतात, कॅमेरे लखलखतात. आणि रोपाची काळी पिशवी तशीच राहते! कुठल्याही लागवडीत ऑक्टोबरमध्ये मेलेली रोपं उपटून बघा, पिशवीसकट पुरलेली हमखास सापडतात. पिशवी ब्लेडने एका बाजूने उभी चिरायची, मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही, तळाशी मुळांचं वेटोळं झालं असेल तर तेवढं कापून टाकायचं. खोड आणि मूळ जिथे मिळतात तो भाग जमिनीच्या बरोबरीत ठेवायचा. मग टाचेने माती दाबायची, आत हवेची पोकळी राहता कामा नये. आधाराची काठी वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला, आणि बांधायला सुतळी. तारेने बांधलेलं रोप वर्षा-दोन वर्षांत तारेनेच गळा आवळून मरतं. लोखंडी ट्री गार्डचंही तेच. त्यावरच्या पाटीवर नगरसेवकाचं नाव ठळक असतं, पण पाच वर्षांनी ते गार्ड कापून काढायची जबाबदारी कुणाचीच नसते. खोड जाड होतं आणि जाळी सालीत रुतते.

तारखेचंही तसंच आहे. वनमहोत्सव 1 ते 7 जुलै असतो, म्हणून लागवडही तेव्हाच उरकतात. कोकणात चालून जातं. पण मराठवाड्यात जूनमध्ये एक सर येऊन पाऊस तीन आठवडे दडी मारतो, तेव्हा 1 जुलैला लावलेलं रोप 15 जुलैला वाळतं. दोन चांगले पाऊस होऊन माती हातभर खोल ओली झाली की लावायचं, मग तारीख काहीही असो. मंत्र्यांच्या दौऱ्याची तारीख ठरते ती मंत्रालयात. ती पावसाला विचारून ठरवावी, एवढं तरी मागता येईल का?

कुठे लावायचं याबद्दल मात्र ठाम बोललं पाहिजे. सोलापूर, इंदापूर, बारामती, सासवड या पट्ट्यातली माळरानं सरकारी कागदांवर बरेचदा पडीक म्हणून दिसतात. लागवडीचं लक्ष्य आलं की पहिली नजर तिकडे जाते. त्या माळावर लांडगा राहतो, चिंकारा राहतो, नान्नजचं अभयारण्य तर माळढोकासाठीच केलेलं आहे. धनगरांच्या मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरतात. तिथे खड्डे खोदून गिरिपुष्पाची रांग लावणं म्हणजे एक जिवंत परिसंस्था बुजवणं. गिरिपुष्प गुरं फारशी खात नाहीत आणि ते पटकन वाढतं, म्हणून आकडा गाठायला सोयीचं. पण ज्या टेकड्यांवर ते माजलंय तिथे त्याच्याखाली गवत उरत नाही. वड, पिंपळ, करंज, अर्जुन, जांभूळ, मोह, बेहडा, बहावा, ही झाडं हळू वाढतात, जास्त राखण मागतात. ती राखण करणाऱ्या माणसाला पगार दिला पाहिजे, उपाय एवढाच आहे.

नाशिकचं उदाहरण अगदी ताजं आहे. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली सुमारे 1,800 झाडं तोडायचा प्रस्ताव 2025 च्या अखेरीस आला आणि लोक रस्त्यावर उतरले. आयपीएलच्या 2025 च्या दराने 1,800 रोपं म्हणजे शंभर डॉट बॉल, एक-दोन सामन्यांत होऊन जातील. एवढं सोपं असतं तर कुणी झाडाला मिठी मारून उभं राहिलं नसतं. राज्याच्या झाडांच्या कायद्यातही हे शहाणपण आहे. 1975 च्या कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली. तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावायची. ती 6 ते 8 फूट उंचीची हवीत, जिओटॅग करायची, म्हणजे प्रत्येकाची जागा जीपीएसने नोंदवायची, आणि सात वर्षं जगवायची. पन्नास वर्षांच्या पुढचं झाड वारसा वृक्ष मानायचं. कायदा उत्तम आहे. फक्त झाडाचं वय दहा वर्षांनी कमी लिहिलं की दहा रोपं वाचतात, आणि सातव्या वर्षी कोण बघायला येणार याचं उत्तर कुणी देत नाही.

जिओटॅगवरही फार विसंबू नका. मोबाइलचं जीपीएस उघड्या आभाळाखाली पाच मीटर इकडे-तिकडे होतं, झाडीत किंवा दरीत त्याहून जास्त. रोपं तीन मीटरवर. म्हणजे एका टिंबाखाली दोन-तीन रोपं येऊ शकतात आणि मेलेल्याच्या जागी शेजारच्याचा फोटो सहज चालून जातो. त्यापेक्षा क्षेत्राची हद्द नकाशावर आखा, ओळींना क्रमांक द्या, ओळीच्या दोन्ही टोकांना दगडी खुणा रोवा. मग मोजताना दहा टक्के ओळी चिठ्ठ्या टाकून निवडा. चिठ्ठ्या मोजायला आलेल्याने टाकायच्या, लावणाऱ्याने नव्हे. नोंद चार रकान्यांत करा: जिवंत, जिवंत पण खुरटलेलं, मेलेलं आणि जागेवर नसलेलं. चौथा रकाना सगळ्यात बोलका. तिथे आकडा मोठा निघाला तर खड्डाच खोदला नव्हता, असं समजायला जागा असते.

मोजणी मे मध्ये करू नका. पळस, बहावा यांसारखी कित्येक झाडं उन्हाळ्यात पानं टाकतात आणि काड्या होऊन उभी राहतात, ती मेलेली धरली जातात. पहिला पाऊस होऊन पंधरा दिवस जाऊ द्या. तरीही शंका आली तर खोडाला नखाने किंचित ओरखडा काढा. सालीखाली हिरवं ओलं दिसलं तर जिवंत, तपकिरी कोरडं दिसलं तर गेलं. याला तज्ज्ञ लागत नाही, सातवीतली पोरं अर्ध्या तासात शिकतात.

आणि दोन स्कोअरर हवेतच. एक वनखात्याचा किंवा पालिकेचा, दुसरा ग्रामसभेने किंवा वस्तीने नेमलेला. दोघांच्या वह्या वेगळ्या, संध्याकाळी आकडे ताडायचे. ठेकेदाराचं बिल लागवडीला 40 टक्के, पहिल्या उन्हाळ्यानंतरच्या मोजणीला 20, तिसऱ्यानंतर 40. आज बहुतेक पैसा लागवडीपाशीच संपतो, म्हणून ठेकेदाराचा जीवही लागवडीतच असतो. शेवटचे 40 टक्के तिसऱ्या उन्हाळ्यानंतरच्या मोजणीवर ठेवले की तो स्वतःच जानेवारीत टँकर आणेल आणि वणव्याच्या आधी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा काढेल.

बीसीसीआयला हे करणं सगळ्यात सोपं आहे. पैसा आहे, प्रसारण आहे आणि मोजण्याची सवय तर मुरलेली आहे. रोपं 2023 च्या पावसाळ्यात लागली असतील तर त्यांचा तिसरा उन्हाळा म्हणजे 2026 चा. तेव्हा पुढच्या प्लेऑफमध्ये धावफलकावर झाड उगवेल, त्याच्या शेजारी आणखी एक आकडा दाखवा: 1,47,000 पैकी जिवंत किती, कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या जातीची. आकडा 60,000 निघाला तरी टाळ्या पडतील, कारण तो खरा असेल. आणि आपल्या आमदाराला, नगरसेवकाला 5 जूनच्या पर्यावरण दिनाच्या कार्यक्रमात नवं रोप हातात द्यायच्या आधी गेल्या वर्षीच्या खड्ड्यापाशी घेऊन जा. रोप असेल तर त्याला 10 लिटर पाणी त्यांच्याच हाताने घालू द्या, फोटो तोच काढा. रोप नसेल तर तोच खड्डा पुन्हा वापरायची परवानगी देऊ नका, आधी ते का मेलं हे कागदावर लिहून घ्या.