सिस्टरांचा नंबर

माझी लेक तेरा वर्षांची. टाइप वन डायबेटिस, म्हणजे रोज इन्सुलिनच्या चार सुया. गाव अंबड तालुक्यात, मोठा दवाखाना छत्रपती संभाजीनगरला. एका खेपेत माझा रोज बुडतो, तिची शाळा बुडते आणि डॉक्टरांपुढं पाच मिनिटं मिळतात. त्यांना तरी काय बोलणार, बाहेर रांग लागलेली असते.

गेल्या उन्हाळ्यात तिची शुगर काही केल्या जागेवर येईना. सकाळी ३००, दुपारी ६०. मला वाटलं, लेकरू चोरून गोड खातंय. लई बोलले तिला. शेवटी वॉर्डातल्या सिस्टरांना फोन लावला. त्यांनी व्हिडिओ कॉल करायला लावला. म्हणाल्या, "ताई, सुई कुठं देता ते दाखवा. आता तिथं बोट फिरवा." बेंबीच्या डाव्या अंगाला रबरासारखी फुगीर गाठ बोटाला लागली. तिथं तिला दुखत नाही म्हणून मी कित्येक महिने तिथंच टोचत होते! अशा गाठीतून इन्सुलिन कधी भिनतं, कधी नाही. सिस्टरांनी मांडी, दंड, पोट अशी आलटून पालटून जागा ठरवून दिली. चांगल्या जागी तेवढाच डोस दिला तर शुगर एकदम खाली येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारून डोसही कमी करून घेतला. त्या रात्री मी लेकीला जवळ घेऊन माफी मागितली.

हे सगळं सिस्टर करतात ते ड्युटी संपल्यावर, स्वतःच्या मोबाइलवर, घरी पोळ्या लाटता लाटता. याचा त्यांना एक रुपया मिळत नाही.

ई-संजीवनी या सरकारी सेवेवर घरबसल्या व्हिडिओ कॉलवर डॉक्टर भेटतात, ते चांगलंच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून शाळा-अंगणवाडीत जाऊन १८ वर्षांपर्यंतची लेकरं तपासतात, तेही मोलाचं. पण आजार सापडल्यावर घरी रोज जे निस्तरावं लागतं, त्यासाठी आमचं लेकरू ओळखणारं एक कायमचं माणूस लागतं. मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात याच कामासाठी शिकवून तयार केलेली नर्स नेमा. फोनवरचं बोलणं हीच तिची ड्युटी धरा, त्याचा पगार द्या, आणि तिला अडलं तर लगेच विचारता येईल असा डॉक्टर तिच्या पाठीशी ठेवा.

परवा शेजारच्या गावातली एक आई आली होती. तिच्या पोराला नुकताच हाच आजार निघालाय. तिनं सिस्टरांचा नंबर मागितला. मी दिला, पण देताना हात अडखळला. त्या बाई एकट्या किती जणींचे फोन घेणार?